हॅलोविनची हस्तकला ज्येष्ठांसोबत : प्रकल्प नोंदी, ऑक्टोबर २०२४

३ ऑक्टोबर, गुरुवार

न्यू जर्सीतील मिडलसेक्स काउंटीत ज्येष्ठांच्या ज्या डे केअर केंद्रात मी उपक्रमांचे काम पाहते, तेथील ऑक्टोबर महिन्याच्या हस्तकलेचा आराखडा आज पक्का झाला. दरवर्षी ३१ तारखेला, म्हणजे हॅलोविनच्या दिवशी, दुपारी जवळच्या प्राथमिक शाळेतील मुले सोंगे घेऊन केंद्रात येतात आणि आमचे सदस्य त्यांना खाऊ देतात. त्या दिवसाची सजावट आणि मुलांना द्यायच्या वस्तू सदस्यांनी स्वतः कराव्यात, एवढाच प्रकल्पाचा हेतू आहे. यंदा त्यात एक भर पडली आहे. इथल्या वेळेनुसार अमावास्या ३१ तारखेच्या सकाळी लागून दुसऱ्या दिवशी सकाळी संपत असल्यामुळे, महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरला होणारे लक्ष्मीपूजन आमच्याकडे हॅलोविनच्याच संध्याकाळी आले आहे. आमचे निम्मे सदस्य मराठी किंवा गुजराती असल्याने, त्या दिवशी घरी परतताना त्यांच्या हातात काय असेल याचाही विचार करणे भाग आहे.

उरलेल्या सदस्यांपैकी बहुतेकांचा जन्म इथलाच आहे. एक आजोबा मात्र १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून किशोरवयात आले आणि हजारो हंगेरियन निर्वासितांप्रमाणे त्यांचेही अमेरिकेतील पहिले दिवस याच परिसरातील कॅम्प किल्मर या लष्करी छावणीत गेले. सदस्यांपैकी कोणाची बोटे संधिवाताने वाकलेली आहेत, कोणाला कंपवात आहे, कोणाचा एक हात पक्षाघातानंतर मांडीवरच पडून असतो, आणि काहींची स्मृती विरळ झाली आहे.

ज्येष्ठांसाठी म्हणून जे हस्तकलेचे नमुने सुचवले जातात, ते बहुधा बालवाडीसाठी योजलेले असतात आणि ज्या बाईंनी चाळीस वर्षे रुग्णालयाचा वॉर्ड सांभाळला त्यांच्यापुढे कागदी थाळीला डोळे चिकटवण्याचे काम ठेवले, तर त्या सौजन्याने ते करतात आणि पुढच्या आठवड्यापासून हस्तकलेच्या टेबलाकडे फिरकत नाहीत. म्हणून निवडीची कसोटी अशी ठेवली आहे की, वस्तू तयार झाल्यावर ती सदस्याच्या दिवाणखान्यात शोभली पाहिजे आणि तिचे निम्म्याहून अधिक काम सदस्याच्या स्वतःच्या हातून झाले पाहिजे. या कसोटीवर कोरलेला भोपळा, म्हणजे या सणाची मुख्य खूणच, पहिल्या फेरीत बाद झाला. त्याची साल टणक असते, सुरीला जोर लावावा लागतो, ती निसटते, आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांचे रक्त जखम लहान असली तरी लवकर थांबत नाही. शेवटी कोरण्याचे काम कर्मचारी करतात आणि सदस्य पाहत बसतात. गरम गोंदाच्या पिस्तुलाची कामेही याच कारणाने वगळली आहेत. केसाळ तारेचे कोळीसुद्धा नकोत, कारण त्या तारेचे टोक म्हाताऱ्या, पातळ झालेल्या त्वचेत सहज घुसते.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

साहित्याची जमवाजमव झाली. सर्वांत उपयोगी वस्तू हस्तकलेच्या नव्हे, तर नळकामाच्या विभागात मिळाली : थंडीत पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून त्यांच्यावर चढवायची फोमची नळी. तिचे हातभर लांबीचे तुकडे न करता चार-चार बोटांचे तुकडे केले आणि ते रंगाच्या कुंचल्यांवर चढवले की दांडा जाड होतो, आणि ज्यांची मूठ पूर्ण मिटत नाही त्यांनाही कुंचला पेलता येतो. कपाटात घालायचा जाळीदार रबरी कागद प्रत्येकाच्या जागेवर अंथरायला घेतला आहे. त्यावर ठेवलेली बरणी सरकत नाही, त्यामुळे एका हाताने काम करणाऱ्याला दुसरा हात मागावा लागत नाही. दाब सोडताच आपोआप उघडणाऱ्या कात्र्या केंद्रात आधीपासून आहेत.

रंग आणि गोंद घेताना विषारी नसल्याची ‘एपी’ ही मोहोर पाहून घेतली. गोंद शक्यतो जांभळा घेतला आहे, जो लावताना दिसतो आणि वाळल्यावर रंगहीन होतो. पांढऱ्या कागदावर पांढरा गोंद लावला की तो कुठवर पोहोचला हे मोतीबिंदू झालेल्या किंवा काचबिंदूमुळे फिकट दिसणाऱ्या डोळ्यांना कळत नाही. या बाबतीत हॅलोविन हा सोयीचा सण आहे, कारण काळा आणि नारिंगी या जोडीइतका ठळक भेद क्वचितच दुसऱ्या कोणत्या सणाच्या रंगांत सापडेल. काळा कागद कापायचा तेव्हा टेबलावर पांढरे कापड आणि पांढरे काम असेल तेव्हा काळे, एवढे पथ्य पाळायचे आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

पहिली वस्तू काचेच्या बरणीचा कंदील. लोणच्याच्या आणि सॉसच्या रिकाम्या बरण्या सदस्यांच्या घरून आल्या होत्या. नारिंगी, पिवळ्या आणि थोड्या जांभळ्या टिश्यू कागदाचे कपटे करायचे, बरणीला पातळ केलेला गोंद लावायचा, कपटे एकमेकांवर थोडे चढवत चिकटवायचे आणि वरून पुन्हा गोंदाचा हात फिरवायचा. आत बॅटरीवरची छोटी पणती ठेवली की कागदाच्या कडा जिथे एकमेकींवर चढल्या आहेत तिथे रंग गडद दिसतो आणि काम हेतुपुरस्सर बारीक केल्यासारखे वाटते. या वस्तूत चूक होण्याला फारसा वाव नाही, आणि ज्यांचे हात थरथरतात त्यांच्या बरण्या तर अधिक चांगल्या झाल्या, कारण त्यांचे कपटे वेडेवाकडे बसले.

कागद कात्रीने कापायचा नाही, हाताने फाडायचा, असे मुद्दाम ठरवले होते. फाडणे हे बोटांना लागणारे काम आहे, पण त्यात नेमकेपणा लागत नाही. कंपवात असलेल्या गुजराती काकांच्या मनगटावर थेरपिस्टच्या सल्ल्याने वजनाचा पट्टा बांधला होता आणि त्यामुळे त्यांचा कुंचला बराच स्थिर राहिला. पक्षाघात झालेल्या बाईंना डाव्या बाजूचे भान कमी असल्याने त्यांचे सर्व साहित्य उजवीकडे मांडले आणि फक्त पिवळा कागद समोर, किंचित डावीकडे ठेवला. तो त्यांना दोनदा सुचवावा लागला, पण त्यांनी घेतला.

बरण्यांवर डोळे-नाक-तोंड काढायचे की नाही यावर चर्चा झाली. अमेरिकी सदस्यांचे म्हणणे, चेहरा नसेल तर तो हॅलोविनचा कंदील कसला. आमच्या मराठी काकूंचे म्हणणे, चेहरा नसेल तर हाच कंदील संध्याकाळी दारात लावता येईल. तोडगा निघाला तो असा की, काळ्या कागदाचा चेहरा बरणीला चिकटवायचा नाही, तर कागदाच्या पट्टीवर लावून ती पट्टी बरणीभोवती सैल गुंडाळायची. ३१ तारखेला दुपारी पट्टी असेल, संध्याकाळी ती काढली की आकाशकंदिलाच्या रंगांची साधी बरणी उरेल.

१० ऑक्टोबर, गुरुवार

बरण्या वाळल्या. दोघांच्या बरण्यांवरील कागद काठाजवळ सुटला होता, तो पुन्हा बसवला. सत्राची वेळ आता सकाळी साडेदहा ते सव्वाअकरा अशी कायम केली आहे, कारण दुपारी तीननंतर स्मृतिभ्रंश असलेल्या सदस्यांची अस्वस्थता वाढते आणि त्या वेळी नवे काम पुढे ठेवणे योग्य नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आजचे काम या प्रकल्पातील सर्वांत समाधानाचे ठरले. चीजक्लॉथ नावाचे विरळ विणीचे सुती कापड ताठ करून त्याची उभी राहणारी भुते करायची होती. नेहमीची कृती अशी असते की बाटलीवर फुगवलेला फुगा ठेवायचा, गोंदाच्या पाण्यात भिजवलेले कापड त्यावर टाकायचे आणि वाळल्यावर फुगा फोडायचा. फुगा मला नको होता, कारण काही जणांना लॅटेक्सची ॲलर्जी आहे आणि फुगा फुटण्याचा आवाज श्रवणयंत्र लावलेल्यांना अतिशय त्रासदायक होतो. त्याऐवजी पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर ॲल्युमिनियमच्या फॉइलचा गोळा बसवला. तो गोळा वळण्याचे काम अर्थातच सदस्यांचे होते.

गोंदाचे पाणी करायला घेतले तेव्हा साताऱ्याच्या आजींनी विचारले की कापड ताठच करायचे असेल तर खळ का करत नाही. त्यांच्या तरुणपणी घरच्या सुती साड्यांना दर आठवड्याला खळ होत असे. मग केंद्राच्या स्वयंपाकघरात त्यांच्या सांगण्यावरून एक कप पाण्याला दोन मोठे चमचे कॉर्नस्टार्च, आधी थंड पाण्यात कालवून आणि मग मंद आचेवर ढवळत, अशी खळ शिजवली. ढवळण्याचे काम मी केले, पण कधी थांबायचे हे आजींनी ठरवले. मिश्रणाचा पांढरेपणा जाऊन ते पारदर्शक झाले, की उतरवायचे. कोमट झाल्यावर ती खळ टेबलावर आली. तिला वास नाही, ती डोळ्यांना झोंबत नाही, कपड्यांवर सांडली तरी धुऊन निघते, आणि चुकून तोंडात गेली तरी अपाय नाही. गोंदापेक्षा ती थोडी कमी ताठ होते, त्यामुळे कापडाचे दोन थर द्यावे लागले.

ज्या जर्मन वंशाच्या बाई पूर्वी लॉन्ड्री चालवत असत, त्यांना खळ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागले नाही. त्या आणि साताऱ्याच्या आजी यांच्यात इंग्रजीची अडचण असूनही कापड पिळायचे किती यावर खुणांनी बराच वाद झाला. आजींच्या मते थेंब गळायचा थांबला की पुरे, बाईंच्या मते अजून एक पीळ हवा. दोन्ही पद्धतींची भुते वेगवेगळी ठेवली आहेत.

भुते या विषयाला विरोध होईल असे वाटले होते आणि तो झालाही. ऐन दिवाळीत भुते कशाला, असे एका काकांनी स्पष्टपणे विचारले. त्यांना गुजराती बांनी उत्तर दिले की काळी चौदशीला, म्हणजे नरक चतुर्दशीला, संध्याकाळी चव्हाट्यावर वडे टाकून घरातला कंकास, म्हणजे भांडणतंटा, बाहेर काढायचा आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मी आणायची, हे आपल्याकडेही चालतेच. सिंधुदुर्गाच्या आजोबांचा आक्षेप वेगळा होता. पांढरी चादर पांघरलेले हे भूत त्यांना पटेना, कारण त्यांच्या गावी पिंपळावर मुंजा होता, आणि मुंजाला शेंडी हवी. त्यांनी आपल्या भुताच्या डोक्यावर काळ्या लोकरीची शेंडी लावली. शेजारच्या बाईंनी त्याचा अर्थ विचारल्यावर आजोबांनी मुंज झालेला, पण लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो, ही गोष्ट सावकाश इंग्रजीत सांगितली. त्यानंतर अमेरिकी बायकांपैकी दोघींनीही शेंडी मागून घेतली. हस्तकलेच्या टेबलावर इतका वेळ कोणी बोललेले मी या वर्षात पाहिले नव्हते.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

भुते उत्तम वाळली. हवा विलक्षण कोरडी आहे, महिन्यात पावसाचा थेंब पडलेला नाही आणि राज्याने कालच अवर्षणाची सावधसूचना जाहीर केली. एक पीळ अधिक दिलेली भुते सरळ उभी आहेत, तर आजींच्या पद्धतीची भुते तळाशी पसरली आहेत. आजींनी हे पाहिले आणि साडी उभी राहायची नसते एवढेच म्हटले.

मेपलची पाने वेचून त्यांना पांढरा रंग देऊन छोटी भुते करायचा बेत मात्र बारगळला. पाने गळताच कुरकुरीत होत आहेत आणि कुंचला टेकताच तुटतात. पाने ताजी तोडून जाड पुस्तकात आठवडाभर दाबली असती तर चालले असते, पण त्यासाठी आता वेळ नाही. त्याऐवजी ओकच्या पानांचे ठसे उमटवले. पानाच्या मागच्या, शिरा वर आलेल्या बाजूला रंग लावायचा आणि ते काळ्या कागदावर दाबायचे. या कामात विशेष काही घडले नाही, तरी त्या कागदांची टेबलावर घालायची पट्टी चांगली दिसेल.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

भोपळे आले. कोरायचे नसले तरी भोपळ्यांवाचून हा सण होत नाही, आणि हंगेरीच्या आजोबांनी तो मुळात कसा आला हे विचारल्यामुळे काम सुरू करण्याआधी थोडी माहिती सांगितली. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये सर्व संतांच्या दिवसाच्या, म्हणजे १ नोव्हेंबरच्या आदल्या रात्री सलगमासारखे कंद पोखरून त्यात दिवा ठेवीत. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत आले, तेव्हा त्यांना इथल्या मातीतला भोपळा सापडला, जो मोठा होता आणि पोखरायला कितीतरी सोपा. आज दारोदारी दिसणारा उभट, गडद नारिंगी, जाड देठाचा भोपळा बराचसा हॉवडेन या वाणाचा असतो. मॅसॅच्युसेट्समधील जॉन हॉवडेन या शेतकऱ्याने तो १९६० च्या दशकात निवडीने तयार केला. आजोबांनी यावर सांगितले की त्यांच्या लहानपणी १ नोव्हेंबरला सारे गाव स्मशानात जाऊन थडग्यांवर मेणबत्त्या लावीत असे आणि त्यात भीतीचा भाग मुळीच नव्हता.

आम्ही मोठे भोपळे थोडेच घेतले, उरलेले ‘जॅक बी लिटल’ या वाणाचे, तळहातात मावणारे. न कापलेला भोपळा थंड, कोरड्या जागी कित्येक आठवडे टिकतो, तर कोरलेला आठवड्याच्या आत खचतो. कोरणे टाळण्याचा हा एक अनपेक्षित फायदा आहे, कारण सदस्याला आपले काम नोव्हेंबरभर पाहता येते. सालीवर मेणासारखा थर असतो, म्हणून भोपळे आधी ओल्या फडक्याने पुसून कोरडे केले आणि पांढऱ्या रंगाचा एक हात दिला. लहान भोपळा गडगडतो, त्याला चिकटपट्टीच्या रिकाम्या कड्यावर बसवले की तो हलत नाही. देठाला धरून भोपळा उचलायचा नाही, हे सर्वांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले.

रांगोळीत मुरलेल्या हातांनी भोपळ्यावर काय केले हे पाहण्यासारखे होते. दोघी काकूंनी ठिपके मोजून घेतले, भोपळ्याच्या नैसर्गिक फाका रेघांऐवजी वापरल्या आणि देठाभोवती कमळ फुलवले. निवृत्त परिचारिका बाईंनी संपूर्ण भोपळा काळा करून त्यावर फक्त दोन पिवळे डोळे काढले, आणि सर्वांत प्रभावी भोपळा तोच झाला.

एक मोठा भोपळा मोरपंखी निळा रंगवला आहे. ज्या घरासमोर असा भोपळा असतो, तिथे खाद्यपदार्थांच्या ॲलर्जी असलेल्या मुलांना खाऊऐवजी दुसरी काही वस्तू मिळते, ही खूण २०१४ पासून अमेरिकेत सर्वत्र रूढ होत गेली आहे. वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळसर होते आणि निळा-हिरवा फरक पुसट होतो, त्यामुळे हा रंग मिसळताना ‘हा निळा की हिरवा’ यावर एकमत होईना. शेवटी तो रंग बाजारात तयार मिळतो तसा वापरला.

या भोपळ्यांचे घारगे होतील का, हा प्रश्न अपेक्षितच होता. कोरायच्या वाणांचा गर पाणचट आणि रेषाळ असतो, तो गुळात शिजवला तरी आळत नाही. घारग्यांसाठी छोटा ‘शुगर पाय’ भोपळा घ्यावा. रंगवलेला भोपळा तर कोणीही खाऊ नये.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आज फक्त स्मृतिभ्रंश असलेल्या सदस्यांचा छोटा गट घेतला. येथे नियम वेगळे आहेत. एका वेळी एकच कृती सांगायची, ती आपण शेजारी बसून करून दाखवायची, तयार नमुना डोळ्यांसमोर ठेवायचा, आणि टेबलावर त्या क्षणी लागणाऱ्या वस्तूखेरीज काहीही ठेवायचे नाही. बटणे, मणी, प्लास्टिकचे डोळे पूर्णपणे वर्ज्य केले आहेत, कारण ते गोळ्या-चॉकलेटांसारखे दिसतात आणि तोंडात जातात.

रिकाम्या बरणीवर मलमपट्टीचे कापड गुंडाळून इजिप्तची ममी करायची होती. ममी हा शब्द वापरलाच नाही, ‘हे बरणीवर गुंडाळू या’ एवढेच म्हटले, आणि गुंडाळण्याची लय लागल्यावर तिघेजण थांबायला तयार नव्हते. निवृत्त परिचारिका बाई मदतीला बसल्या होत्या. त्यांनी पट्टी कशी तिरकी न्यावी आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवावा हे दाखवले, तेव्हा गटात माझी गरज उरली नाही.

कोल्हापूरच्या आजींनी मात्र पट्टीला हात लावला नाही. शेजारच्या कापसाच्या गुंडाळीकडे पाहत त्यांनी थोडा कापूस ओढला आणि न बोलता देवाचे वस्त्र करायला घेतले. चिमटीने कापूस पिंजून, ओढून, ठरावीक अंतरावर मणी सोडून त्या लांबच लांब माळ करीत गेल्या. मुलीचे नाव त्यांना हल्ली रोज आठवत नाही, पण हाताला जडलेली कृती स्मृतिभ्रंशात पुष्कळ उशिरापर्यंत शाबूत राहते. एका सहकाऱ्याने ही माळ भुतांच्या गळ्यात किती शोभेल असे सुचवले. मला ते पटले नाही. आजींनी ते ज्या भावनेने केले त्याला धरूनच ते वापरले पाहिजे. त्यांच्या मुलीशी फोनवर बोलून ठरले की माळ डब्यात ठेवायची आणि ३१ तारखेला लक्ष्मीपूजनासाठी घरी पाठवायची. हॅलोविनच्या प्रकल्पात त्या दिवशी आजींचे काम धरले जाणार की नाही, असा प्रश्न अहवालाच्या तक्त्यात उभा राहतो. मी धरले आहे.

सजावटीबाबतही आज निर्णय घेतले. बाजारातील हिडीस मुखवटे, हलणारे सांगाडे आणि अचानक किंचाळणारी खेळणी या दालनात नकोत. ज्यांना आभास होतात त्यांच्यासाठी टेबलक्लॉथवर छापलेला कोळीही खरा असतो. जमिनीवर काळी चित्रे चिकटवायची नाहीत, कारण दृष्टी आणि आकलन मंदावलेल्या माणसाला काळा गोल हा खड्डा वाटतो आणि तो टाळताना तोल जातो. खोटी कोळिष्टके वॉकरच्या चाकांत अडकतात, म्हणून ती फक्त खिडकीच्या वरच्या भागात लावायची.

२८ ऑक्टोबर, सोमवार

मुलांना द्यायच्या वस्तूंचा दिवस. एका निवृत्त शिक्षिकेने सांगितले की त्या तरुण असताना त्यांचे विद्यार्थी हॅलोविनला युनिसेफसाठी घरोघर नाणी गोळा करीत. ही प्रथा १९५० मध्ये फिलाडेल्फियाच्या परिसरात सुरू झाली आणि सुरुवातीला मुले त्यासाठी सजवलेले दुधाचे पुठ्ठी डबे वापरीत. आमच्या जेवणाबरोबर अर्ध्या पाइंटाचे दुधाचे डबे रोज येतातच. आठवडाभर ते धुऊन, वाळवून ठेवले होते, त्यामुळे आज वरचा भाग कापून, नारिंगी कागद लावून, दोरीची कडी घालून त्यांचे छोटे खाऊडबे झाले. कागद आधीच मापाने कापून ठेवल्यामुळे सदस्यांचे काम घडी घालणे आणि चिकटवणे एवढेच राहिले. एका हाताने काम करणाऱ्या बाईंचा डबा लाकडी चिमट्याने टेबलाच्या कडेला पकडून ठेवला. आत पेन्सिली, स्टिकर आणि पानांच्या ठशांतून कापलेल्या पुस्तकखुणा जातील.

काम करता करता जुन्या सजावटीच्या आठवणी निघाल्या. पेनसिल्व्हेनियातील शिपेन्सबर्गच्या बीस्टल कंपनीचे सांधे हलणारे पुठ्ठ्याचे सांगाडे आणि उघडताच मधमाश्यांच्या पोळ्यासारखे फुलणारे कागदी भोपळे जवळजवळ प्रत्येक अमेरिकी सदस्याच्या घरी होते, आणि ते ऑक्टोबर संपताच घडी घालून पुढच्या वर्षासाठी डब्यात जात. एका बाईंना युद्धकाळ आठवतो. १९४२ ते १९४७ या काळात साखर शिधापत्रिकेवर होती, तेव्हा मुलांच्या पिशवीत सफरचंदे आणि अक्रोड पडत. ३० तारखेची रात्र न्यू जर्सीत खोड्यांची रात्र म्हणून ओळखली जाते, त्यामुळे शेजाऱ्याची फाटके काढून नेल्याचे गुन्हेही आज कबूल झाले. आमच्या शेजारच्या मर्सर काउंटीतील ग्रोव्हर्स मिल येथे मंगळावरचे लोक उतरल्याचे रेडिओ नाटक १९३८ साली त्याच तारखेला प्रसारित झाले होते. नव्वदी पार केलेल्या एका आजोबांच्या वडिलांनी ते खरे समजून गाडीत पेट्रोल आहे का हे पाहिले होते म्हणे.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

ऊन उन्हाळ्यासारखे होते, मुलांचे लोकरी अस्वलाचे पोशाख त्यांना नकोसे झाले होते. मुले दोन रांगांनी आली. सदस्य टेबलांमागे बसले होते आणि प्रत्येकाच्या समोर त्याने केलेली बरणी, भूत आणि भोपळा होता. खाऊडबे देण्याआधी मुलांनी वस्तूबद्दल एक प्रश्न विचारायचा, असे शिक्षिकांशी ठरवले होते आणि त्यामुळे केवळ वाटप झाले नाही, बोलणे झाले. सर्वाधिक प्रश्न शेंडीच्या भुताला आले. सिंधुदुर्गाच्या आजोबांनी पिंपळाची गोष्ट इतक्या वेळा सांगितली की शेवटी मुंजाच्या झाडावर मुलांच्या सोयीसाठी झोपाळाही आला. स्मृतिभ्रंश असलेल्या गटाला मुखवटे घातलेल्या मुलांसमोर बसवले नाही. त्यांच्याकडे चार-पाच मुले मुखवटे हातात घेऊन वेगळी गेली.

साडेतीनला गाड्या लागल्या. मराठी आणि गुजराती सदस्यांच्या बरण्यांवरच्या पट्ट्या काढून त्यांच्या पिशवीत घातल्या, बॅटरीच्या पणत्या नव्या घातल्या. कोल्हापूरच्या आजींचा कापसाच्या वस्त्राचा डबा त्यांच्या मुलीने स्वतः येऊन नेला. हंगेरीच्या आजोबांनी आपली बरणी उद्या पत्नीच्या थडग्यावर ठेवायची म्हणून आणखी एक पणती मागितली. ती दिली.

४ नोव्हेंबर, सोमवार

आवराआवर सुरू आहे. रंगवलेले भोपळे नरम पडले की कचऱ्यात टाकावे लागतील, कारण ॲक्रिलिक रंग लागलेले भोपळे खतासाठी चालत नाहीत. न रंगवलेले जवळच्या शेतावर जनावरांसाठी पाठवले आहेत. खळीची भुते दमट हवेत मऊ होतील आणि कॉर्नस्टार्चला झुरळे व उंदीर लागतात, त्यामुळे ती साठवायची असतील तर घट्ट झाकणाच्या डब्यातच. लॉन्ड्रीवाल्या बाईंनी आपले भूत कोमट पाण्यात धुऊन कापड परत केले आहे. ते पुढच्या वर्षी वापरता येईल.

पुढील वर्षासाठी नोंद : मेपलची पाने सप्टेंबरअखेरीस तोडून दाबावीत, दुधाचे डबे महिनाभर आधीपासून जमवावेत आणि खळीसाठी स्वयंपाकघर सकाळी दहाला मोकळे मिळेल असे पाहावे. साताऱ्याच्या आजींनी विचारले आहे की नाताळच्या ताऱ्यांनाही खळच करायची ना. त्यासाठी दोरा लागेल, तो उद्या मागवते.